एका व्हॉल्व्हसाठी ४१ दिवस

परदेशातून जुन्या गाडीचा पार्ट मागवणार असाल तर ऑर्डर देतानाच विक्रेत्याला लिहून कळवा, बिलावर ‘सरप्लस’ हा शब्द नको. ‘नवीन, न वापरलेला, मोटरसायकलच्या इंजिनाचा व्हॉल्व्ह’ एवढंच असू दे. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर माझा अख्खा पावसाळा वाया गेला नसता.

गाडी म्हणजे बीएसए एम२० ही ब्रिटिश मोटरसायकल. ४९६ सीसी, एक सिलिंडर, साइड व्हॉल्व्ह. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्करासाठी अशा सव्वा लाखाहून जास्त गाड्या तयार झाल्या. त्यातली एक आजोबांनी बेळगावात लष्कराच्या मोडीतून उचलली आणि गोवा मुक्त झाल्यावर ती डिचोलीला आली. बाबांनी १९८७ पर्यंत चालवली. नंतर ती पडवीतच उभी.

इंजिन बंद पडलं तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला होता. सायलेन्सरच्या वाटेने इतक्या पावसाळ्यांची ओल आत शिरली. मी ब्लॉक काढला तर व्हॉल्व्ह गाइडमध्ये, म्हणजे त्याची दांडी सरकते त्या नळीत, गच्च धरून बसलेला. (या इंजिनात व्हॉल्व्ह हेडमध्ये नसतात, ब्लॉकमध्येच सिलिंडरच्या शेजारी उभे असतात.) आठवडाभर डिझेल सोडल्यावर तो निघाला, पण दांडीवर गंजाचे खड्डे, आणि वरची कड उंदराने कुरतडल्यासारखी. इनटेकचा मात्र चांगला निघाला.

खाणी जोरात होत्या तेव्हा आमच्या रस्त्यावर ट्रकांची हेडं करणारे लेथवाले ओळीने होते. २०१२ ला खाणी थांबल्या, २०१८ ला पुन्हा, आणि ती शटरं एकेक करून उतरली. एक मेस्त (मिस्त्री) अजून आहेत. त्यांच्या खणात ट्रकचे व्हॉल्व्ह भरलेले. मला वाटलं, त्यातला एखादा लेथवर उतरवून चालेल. त्यांनी माझा जुना व्हॉल्व्ह हातात फिरवून पाहिला आणि साफ नाही म्हणाले. इनटेकचा करून देईन, एक्झॉस्टचा नाही. तो चालताना लाल होतो, साधं स्टील तिथे टिकत नाही, चार दिवसांत कड जळेल. मग खणातल्या दोन व्हॉल्व्हना त्यांनी चुंबक लावून दाखवलं. इनटेकचा टपकन चिकटला, एक्झॉस्टचा जेमतेम. मापात बसणारा एक्झॉस्टचा मात्र त्यांच्याकडे नव्हता. खरेदी करताना चुंबक खिशात ठेवा.

इंग्लंडमधल्या एका दुकानात माल मिळाला. दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, दोन गाइड, स्प्रिंगा आणि त्या दांडीवर धरून ठेवणारे कॉटर. ऑर्डर द्यायला दहा मिनिटं लागली, आणि पाचव्या दिवशी पार्सल मुंबईत.

आणि तिथेच बसलं.

पहिला अडथळा केवायसीचा. आधार आणि पॅनवर माझ्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग एका अक्षराने वेगळं आहे. त्यात तीन दिवस गेले. हे आधीच एकसारखं करून ठेवा.

मग कुरियरवाल्यांची ईमेल आली. बिलावर ‘न्यू ओल्ड स्टॉक, आर्मी सरप्लस’ असं लिहिलंय, म्हणजे माल वापरलेला दिसतो, आणि वापरलेला माल परवान्याशिवाय आणता येत नाही. नियम मला मान्य आहे. पण ‘न्यू ओल्ड स्टॉक’ म्हणजे जुन्या काळी बनलेला आणि कधीच न वापरलेला माल. मी हे लिहून पाठवलं. उत्तर आलं, लष्करी साहित्य आहे का? मी गाडीचा फोटो पाठवला. मग विचारलं, व्हॉल्व्ह म्हणजे पाइपलाइनचा का? पार्ट्सच्या पुस्तकातलं ते पान स्कॅन करून पाठवलं. फोन केला की दर वेळी नवा माणूस, आणि कहाणी पुन्हा आजोबांपासून.

सव्विसाव्या दिवशी त्यांनी मूळ उत्पादकाचं पत्र मागितलं. मूळ बीएसए कंपनीचं मोटरसायकल बनवणं १९७०च्या दशकातच बंद पडलंय! त्या दिवशी मी फोनवर आवाज चढवला, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. मी एवढंच म्हणत होतो, “अहो, डबा उघडा आणि डोळ्यांनी बघा.” मेणकागदात गुंडाळलेला, ग्रीस फासलेला पार्ट वापरलेला की नवा, हे कुणालाही पाहताक्षणी कळलं असतं. पण माझ्याशी बोलणाऱ्यांच्या हातात डबा नव्हता, फक्त बिल होतं.

वाट शेवटी दुकानदाराने काढली. त्याने दुरुस्त केलेलं बिल आणि आपल्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून दिल्या, माल कधीही इंजिनात बसवलेला नाही. सोबत माझं स्वतःचं घोषणापत्र. ४१व्या दिवशी पार्सल सुटलं. ड्युटी भरली, तिचं दुःख नाही. पण एवढे दिवस माल अडवून ठेवल्याचं डिमरेजही माझ्याच माथी मारलं, ते अजून डाचतं. त्याची पावती मी फायलीत जपून ठेवली आहे. पहिल्या ईमेलपासून सगळं लेखी ठेवा. फोनवर कबूल केलेलं एकही वाक्य पुढच्या माणसापर्यंत पोचत नाही.

मेस्तांच्या टेबलावर मेणकागद सोडला. आतला व्हॉल्व्ह चांदीसारखा, दांडीवर एक ओरखडा नाही. ते चष्मा वर करून म्हणाले, “हो नवोच मरे!” (हा नवाच की रे!)

पुढचं काम दोन दिवसांचं. जुनी गाइड प्रेसने काढली, नवी बसवली, भोक मापात आणायला रीमर फिरवला. एक्झॉस्टची गाइड दांडीला किंचित सैल ठेवायची, तापल्यावर दांडी फुगते. सीटला, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडेला, कटर लावायचा तो गाइड बसवल्यानंतरच, नाहीतर दोघांचा मध्य जुळत नाही. शेवटची घासणी मेस्तांनी मला करू दिली. आधी जाडी पेस्ट, मग बारीक. व्हॉल्व्ह दोन तळहातांत रवीसारखा घुसळायचा, मधेच उचलून थोडा फिरवायचा आणि पुन्हा. आधी खरखर येते, हळूहळू आवाज मऊ होत जातो. पुसून पाहिलं तर कडेभोवती राखाडी रंगाची एकसारखी अखंड रिंग. पेस्टचा कण मागे राहू देऊ नका, मी रॉकेलने तीनदा धुतलं.

स्प्रिंग-कॉटर चढवून ब्लॉक पाटावर सपाट ठेवला, गळती कळावी म्हणून व्हॉल्व्हच्या डोक्यावर रॉकेल ओतलं, एक्झॉस्टच्या पोर्टमध्ये पांढरी चिंधी खोचली आणि झोपलो. पहाटे पाचला उठून टॉर्च मारला. चिंधी कोरडी होती. बाबांना उठवून दाखवली.