सासू आहे, पोर नाही

"मतलब सास इसमें है, और छोरी नहीं?"

पोळी तव्यावर टाकता टाकता दीदी थांबली. धार जिल्ह्यातल्या तिच्या गावाचं पान मी फोनवर उघडलं होतं. एकूण लोक, घरं, स्त्रिया, साक्षर. सगळं 2011 च्या जनगणनेचं.

सासू वारून चार वर्षं झाली, पण त्या आकड्यात ती अजून आहे. मुलगी 2012 ची, म्हणून नाही. आणि पान मोठ्याने वाचून दाखवत होती तीच पोर! मुलगा तेव्हा पाच वर्षांचा. साक्षरता सात वर्षांपासून मोजतात, म्हणून तो नुसता 'शून्य ते सहा' या रकान्यात. आता इथेच इंदूरला कॉलेजात जातो.

आणि आपण अजून हेच आकडे घेऊन 'गाव असं आहे' म्हणतो. (मीही म्हणते, ऑफिसात, अगदी टक्क्यांसकट.)

2021 ची मोजणी झालीच नाही, आता 2027 ला, असं सांगितलं. पोळी उलटत ती म्हणाली, "तब हमें कहाँ लिखेंगे भाभी? गाँव में ताला है, यहाँ किराए का कमरा."

नियमाने उत्तर सोपं आहे, जिथे राहता तिथे. मला ते पटकन बोलवेना.