केळीच्या गावात ‘सेलिंग’

आठवीला मराठीत आणायला वाक्य दिलं होतं, ‘द शिप सेल्स ॲट डॉन.’ पुढच्या बाकावरच्या मुलीनं लिहिलं, ‘जहाज पहाटे पोहतं.’ ते चूक म्हणून खोडायला माझा हात धजेना. आमचं गाव यावल तालुक्यातलं. इथं पाणी म्हणजे विहीर, पाट, नाहीतर तापी. ‘सेल’ म्हणजे शीड, आणि शीड या पोरांनी कधी पाहिलंय?

‘शिडातली हवा काढली’ हे मात्र निवडणुकीच्या बातम्यांमुळे सगळ्यांना पाठ.

मग मी वर्ग बागेत नेला. मे महिन्यात वादळ आलं की निसवलेली केळ घडासकट आडवी का होते, हे इथल्या लेकरांना शिकवावं लागत नाही. कोवळं, अखंड पान वारा अडवतं, म्हणून झाडाला ओढ बसते. तेच पान फाटून चिंध्या झालं की वारा आरपार जातो. “हे अख्खं पान म्हणजे शीड,” मी म्हटलं. “आपण ज्या वाऱ्याला भितो, त्यालाच दर्यावर्दी कामाला लावतात. आणि वादळ आलं की शीड उतरवतात.” मुलगी पान हातात धरून बराच वेळ वाऱ्याकडे तोंड करून उभी होती.

आज लोखंडी, इंजिनाचं जहाजही ‘सेल’ होतं, म्हणजे बंदरातून निघतं. शीड गेलं, शब्द राहिला. आपल्याकडे नाही का, बैल गेले तरी ट्रॅक्टर ‘हाकतात’? आणि मराठीत या ‘सेल’साठी शब्द आहेच: हाकारणं. ‘गलबत हाकारलं.’ किती देखणा शब्द, आणि आपण तो वापरत नाही. ‘सेल्ड थ्रू द एक्झाम’ला मात्र साधं ‘पेपर सहज सुटला’ म्हणावं, तिथं जहाज आणू नये.

मला खरी खंत आहे ती ‘नौकानयन’ची. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ 2016 ला रिओ ऑलिंपिकला गेला, तो नौकानयनपटू. टोकियोला गेलेली नेत्रा कुमानन, तीही नौकानयनपटू. दत्तूच्या हातात वल्ही, पाठ जायच्या दिशेला, सगळा जोर अंगाचा. नेत्राच्या होडीला एकच शीड, जोर वाऱ्याचा. या दोन कष्टांना एकच नाव देणं अन्यायाचं आहे. एकाला वल्हवणं म्हणा, दुसऱ्याला शिडाची शर्यत.

परत येताना मुलीनं विचारलं, “मॅडम, वारा समोरून आला तर?”

वर्गात आल्यावर फळ्यावर खडूनं नागमोडी रेघ ओढली. समोरच्या वाऱ्यात सरळ जाताच येत नाही. तिरपं जायचं, वळायचं, पुन्हा दुसरीकडून तिरपं. ती म्हणाली, “पालच्या घाटात एसटी चढते तसं.” आणि वहीतलं ‘पोहतं’ खोडून तिनं स्वतःच ‘हाकारतात’ लिहिलं.