बेळगावला येताय? आधी महिना सांगा

पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोनवर विचारतात, "बेळगावात बघण्यासारखं काय आहे रे?" मी उलट विचारतो, "येताय कधी?" त्यांना वाटतं, हा टाळतोय. पण आमच्याकडची ठिकाणं बारमाही नाहीत. गोकाकच्या धबधब्यावर मार्चमध्ये गेलात तर काळा कातळ बघून परत याल. हिडकलच्या जलाशयातलं देऊळ श्रावणात शोधायला निघालात तर नुसतं पाणी. आणि सौंदत्तीला नको त्या पौर्णिमेला पोचलात, तर यल्लम्मा राहिली बाजूला, गाडी लावायला जागा मिळाली तरी नारळ फोडा.

गेल्या श्रावणात ताई, दाजी आणि त्यांची दोन मुलं आली होती. महिना पाण्याचा, तेव्हा बेतही तसाच आखला. आल्या संध्याकाळी राजहंसगड, शनिवारी गोकाक, रविवारी खानापूर-हलशी.

राजहंसगड म्हणजे येळ्ळूरचा किल्ला. गाडी थेट वर जाते, त्यामुळे गुडघे कुरकुरणाऱ्यांनाही चालतो. आत सिद्धेश्वराचं देऊळ आणि अलीकडे उभारलेला शिवरायांचा भव्य पुतळा. पावसाळ्यात वर धुकं असतं. मधेच ते फाटतं आणि खाली भाताची खाचरं, पलीकडे बेळगाव शहर असं सगळं क्षणभर दिसून पुन्हा पुसलं जातं. छत्री नेऊ नका, वारा ती उलटी करतो. रेनकोटच बरा. अंधार पडायच्या आत खाली या, धुक्यात त्या वळणांवर गाडी चालवायला मजा येत नाही.

शनिवारी गोकाक. अंतर साठ-पासष्ट किलोमीटर, पण सकाळी लवकर निघा. रविवारी तर दुपारपर्यंत तिथे जत्रा भरते, म्हणूनच आम्ही शनिवार धरला होता. एक लक्षात ठेवा: धबधबा गोकाक गावात नाही, अलीकडे आहे. बसने जाणाऱ्यांनी 'गोकाक फॉल्स' असंच तिकीट मागायचं. रेल्वेचं गोकाक रोड स्टेशनही गावात नाही, तिथे उतरलात तर पुन्हा बस किंवा रिक्षा बघावी लागते.

घटप्रभा इथे ५२ मीटर खाली कोसळते. पाणी पांढरंशुभ्र वगैरे नसतं, श्रावणात ते चहाच्या रंगाचं असतं आणि मला तेच आवडतं. कठड्यापाशी उभं राहिलं की आधी आवाज अंगावर येतो, मग तुषार, आणि चष्मेवाल्यांची पंचाईत होते. दाजींनी चष्मा काढून खिशात घातला आणि म्हणाले, "आता नुसतं ऐकतो." याच पाण्याच्या जोरावर १८८७ पासून इथली सूतगिरणी चालली. तिच्या दगडी इमारती अजून काठावर दिसतात. जवळच चालुक्यांच्या धाटणीचं महालिंगेश्वराचं जुनं देऊळ आहे. बहुतेक लोक सेल्फी काढून तिकडे पाठ फिरवतात. पाऊस वाढला की आसऱ्यालाही तेच बरं.

झुलत्या पुलाची आठवण बेळगावकडच्या प्रत्येक शाळकरी पोराला असते. सुमारे दोनशे मीटरचा तो पूल. आमची सहल गेली होती तेव्हा गुरुजींनी सगळ्यांना एकमेकांचे हात धरायला लावले आणि बजावलं, "खाली बघायचं नाही." झालं, चाळीस पोरांनी एकदम खाली बघितलं. पूल हलायला लागला, मुली किंचाळायला लागल्या, आणि सगळ्यांत आधी पलीकडे पोचले ते गुरुजी. भाच्यांना हे रंगवून सांगितलं खरं, पण पुलावर जायला मिळेल या भरवशावर मुलांना नेऊ नका. पूर असला किंवा डागडुजी निघाली की सोडत नाहीत. आम्हालाही सोडलं नाही.

गोकाकचं पाणी पावसावर जेवढं, तेवढंच धरणावर अवलंबून असतं. वर हिडकलचं धरण, मग धुपदाळचा बंधारा, मग हा धबधबा. हिडकल भरून दरवाजे उघडले की इकडे कातळ झाकला जातो. त्यामुळे पाऊस पडतोय म्हणून निघू नका, धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली की निघा. पेपरात रोज येते. ऑगस्टचे पहिले पंधरा दिवस सहसा वाया जात नाहीत.

वेळ उरला तर गोडचिनमलकी. हा मार्कंडेय नदीवरचा, दोन टप्प्यांत उतरणारा धबधबा. मला विचाराल तर गोकाकपेक्षा देखणा. पण दगड बुळबुळीत असतात, आणि पाण्यात उतरून फोटो काढायची हौस दर वर्षी कुणाच्या तरी जिवावर येते. लहान मुलं असतील तर लांबूनच बघा.

रविवारी सकाळी आईनं दारातच अडवलं. "एवढ्या पावसात कुठं जाऊलालास पोरांना घेऊन?" मी म्हटलं, हलशीला. "मग मीपण येतो," म्हणाली आणि डब्यात भाकऱ्या, शेंगाची चटणी बांधून घेतली. आमच्याकडे बायकाही 'येतो' म्हणतात, पुण्याच्या भाच्यांना त्याचं भारी हसू येतं.

खानापूर बेळगावपासून सव्वीस किलोमीटर. लाल मातीचं गाव, कौलं आणि मडक्यांचं. परतताना माठ घ्यायचा असेल तर इथे थांबा. नंदगडला क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णांची समाधी आहे. २६ जानेवारी १८३१ ला इंग्रजांनी त्यांना इथे फाशी दिलं. मूल व्हावं म्हणून लोक इथे पाळणे बांधतात. आई बराच वेळ त्या पाळण्यांकडे बघत होती. काही नवे, काही पावसानं काळे पडलेले.

हलशी मात्र नीट वेळ काढून बघायची जागा. आज झोपलेलं वाटणारं हे खेडं म्हणजे बनवासीच्या कदंबांची दुसरी राजधानी, पलाशिका. पाचव्या शतकात मृगेशवर्म्यानं वडिलांच्या स्मरणार्थ इथे जिनालय बांधलं, त्याचा ताम्रपट आहे. पुढे गोव्याच्या कदंबांनी बाराव्या शतकात भूवराह-नरसिंहाचं मोठं मंदिर उभारलं. त्याची मांडणी वेगळी आहे. दोन गाभारे, तेही समोरासमोर. मधल्या मंडपात उभे राहा. एकीकडे बैसलेला विष्णू, मान वळवली की दुसरीकडे पृथ्वीला उचलून धरलेला वराह, माणसाएवढा. दोन्ही देवांचं दर्शन पाय न हलवता होतं. लहानपणी नानांनी, म्हणजे वडिलांनी, मला तिथे उभं करून विचारलं होतं, "आता नमस्कार कुणाला आधी?" मी गोंधळून डोळे मिटून जागच्या जागी गिरकी घेतली होती. या वेळी धाकट्या भाच्याला तोच प्रश्न घातला. तो म्हणाला, "ज्याच्याकडे लाइट आहे त्याला." गाभाऱ्यातला एकच बल्ब चालू होता.

पावसाळ्यात आत अंधार असतो, बॅटरी न्याच. बाहेर आवारातल्या फरसबंदीवर शेवाळ असतं आणि चपला दाराशी काढाव्या लागतात, तेव्हा म्हाताऱ्या माणसांचा हात धरा. हलशीत धड हॉटेल नाही. चहा मिळेल. जेवायचं खानापुरात नाहीतर डब्यातलं. गावात सुवर्णेश्वर, हाटकेश्वर अशी आणखी देवळं विखुरलेली आहेत. एखाद्या पोराला सोबत घ्या, दाखवतो. शांतपणे शिल्पं बघायची असतील तर मात्र हलशीला डिसेंबर-जानेवारीत या, उन्हं तिरपी असतात तेव्हा.

हलशी आवडली तर देगावचं कमलनारायण मंदिरही बघा. तेही कदंबांचं, बाराव्या शतकातलं, राणी कमलादेवीनं बांधवलेलं, कारागीर तिप्पोज. तीन गाभारे एका ओळीत. फोनमध्ये रस्ता लावताना जपा. हे देगाव कित्तूरजवळचं, कन्नडमध्ये देगावे किंवा देगांवे. खानापूर तालुक्यात दुसरं देगाव आहे, भीमगडच्या जंगलात, जिथे म्हादई उगम पावते. तिकडे गाडी वळवलीत तर देऊळही नाही आणि परतीला रेंजही नाही. देगाव करून कित्तूरला चन्नम्मा राणीचा पडका वाडा बघितला की महामार्गाने तासाभरात बेळगाव.

आम्ही कित्तूरकडे न जाता दुपारनंतर कणकुंबी धरली, कारण ताईला मलप्रभेचा उगम बघायचा होता. माऊलीच्या देवळापाशी कुंड आहे. इथून निघालेली मलप्रभा पूर्वेला कृष्णेला जाऊन मिळते, आणि जवळपासच्याच डोंगरातली म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते. पाण्यावरून कर्नाटक-गोव्याचं भांडण का पेटलंय ते इथे उभं राहिल्यावर नकाशाशिवाय कळतं. म्हादईकडचं पाणी मलप्रभेत वळवण्यासाठी केलेलं कळसा नाल्याचं खोदकामही इथलंच. चोर्ल्याचा रस्ता पावसात फार खराब होतो, त्यामुळे कणकुंबीहून गोव्याला 'सहज' उतरायचा मोह आवरा. जांबोटीकडचे जंगलातले धबधबे वनखातं पावसाळ्यात बंद ठेवतं. रीलमध्ये दिसले म्हणून आत शिरू नका, दंड होतो. जळवा आहेतच, खिशात मिठाची पुडी ठेवा.

आता जे श्रावणात दाखवता आलं नाही त्याबद्दल. हिडकलच्या जलाशयात हुन्नूरचं विठ्ठल मंदिर आहे. धरण झालं तेव्हा गाव उठलं, देऊळ तिथेच राहिलं. पाणी उतरलं की एप्रिल-मेमध्ये ते वर येतं, पाऊस लागला की पुन्हा खाली. आईची एक मावशी धरणात गेलेल्या गावातली. एका मेमध्ये नानांनी तिला तिथे नेलं, मीही होतो. भेगाळलेल्या गाळावरून चालत गेलो. देवळाच्या दगडांच्या सांध्यांत वाळलेल्या शिंपल्या अडकलेल्या होत्या, आणि खांबांवर गाळाच्या रेघा, एकावर एक. मावशीनं कुठल्याशा खांबाला हात लावला आणि तिथून पावलं मोजत घराच्या जागेकडे निघाली. मधेच थांबली. "हितं चूल," म्हणाली. आम्हाला तिथे चिखलाशिवाय काही दिसत नव्हतं. जाणार असाल तर पहाटे जा. सावली नाही, पाणी विकत मिळत नाही, आणि गाळ वरून वाळलेला दिसला तरी आत पाय रुततो. स्थानिक लोक चालतात त्याच वाटेनं चाला.

सौंदत्ती भाविकांना सांगायची गरज नाही. इतरांनी मार्गशीर्ष, पौष आणि माघ पौर्णिमेचे दिवस टाळून, आणि मंगळवार-शुक्रवार सोडून जावं. डोंगर भंडाऱ्यानं पिवळा झालेला बघायचाच असेल तर मात्र माघीला, बैलगाड्यांच्या रांगा आणि 'उदो गं आई' ऐकत, गाडी कोसभर लांब लावून.

शहरातल्या किल्ल्याला सकाळचा तास-दीड तास पुरे. तेराव्या शतकाच्या सुरुवातीची कमल बस्ती चुकवू नका, छताचं दगडी कमळ बघायला मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं. १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावात राहिले होते, त्यांचं स्मारक किल्ल्यातल्याच रामकृष्ण मिशन आश्रमाच्या आवारात आहे.

बसचं सांगतो. कर्नाटकच्या साध्या बसमध्ये बायकांना २०२३ पासून तिकीट नाही, पण ते कर्नाटकचा पत्ता असलेल्यांनाच. महाराष्ट्राचं आधार कार्ड दाखवून वाद घालू नका. गर्दी मात्र सगळ्यांना सारखीच. ग्रामीण बसवरच्या पाट्या कन्नडमध्ये असतात, कंडक्टरला विचारा, आमच्याकडचे कंडक्टर सहसा मराठी समजतात. खानापूर, निपाणी, बेळगाव इथे मराठीत बिनधास्त बोला. गोकाक-सौंदत्तीकडे मराठी कमी चालते, पण एक 'अण्णा' नाहीतर 'अक्का' म्हटलं की पुढचं काम हातवाऱ्यांनीही होतं. १ नोव्हेंबरच्या आसपास येऊ नका. इथे एका बाजूला राज्योत्सव आणि दुसऱ्या बाजूला आमचा काळा दिन असतो, आणि तापलं की दोन्हीकडच्या एसट्या सीमेवर थांबतात. डिसेंबरमध्ये सुवर्णसौधात विधानसभेचं अधिवेशन भरतं, तेव्हा लॉजच्या खोल्या मिळत नाहीत. मिळाल्या तर भाव ऐकून घाम फुटतो.

खायचं आणि न्यायचं. मांडे करताना कुणी दाखवत असेल तर आधी ते बघा. बेळगावातल्याच शहापुरात आत्याकडे लग्नाआधी मांडे करणारी बाई यायची. कणकेचा गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवायची आणि उलट्या ठेवलेल्या तापल्या खापरावर टाकायची. काढला की गरम असतानाच रुमालासारखी घडी. क्षणभर उशीर झाला की तुकडे, आणि ते तुकडे आम्हा पोरांचे. त्यामुळे उशीर व्हावा म्हणून आम्ही तिला मुद्दाम प्रश्न विचारायचो. गोकाकचं करदंट गूळ-डिंकाचं, प्रवासात टिकतं, ते आधी घेतलं तरी चालतं. दुधाचा कुंदा मात्र निघायच्या सकाळीच घ्या. महामार्गाचं काम चालू असलं की डायव्हर्शन लागतात, तास जास्तच धरा, आणि घरी पोचल्या पोचल्या तो फ्रिजात टाका. दाजींचा अर्धा किलो फ्रिजापर्यंत गेलाच नाही, तवंदी घाट उतरायच्या आत संपला होता.