तुम्ही विचारलंत म्हणून: ख्रिसमसच्या सुट्टीत टूरबरोबर जावं का?

सप्टेंबर उजाडला की कुणी ना कुणी विचारतंच, ख्रिसमसच्या सुट्टीत युरोपला जायचंय, टूर घ्यावी की आपलं आपण जावं? एरवी मी म्हणेन आपलं आपण जा. पण या एका आठवड्यासाठी माझं उत्तर टूर हेच आहे, फक्त पैसे भरायच्या आधी आयटिनररीतले २४, २५ आणि २६ डिसेंबर हे तीन दिवस नीट वाचा, अगदी पेन हातात घेऊन वाचा.

का सांगते, तर आमच्या पहिल्या टूरमध्ये २५ तारखेसमोर छापलं होतं 'न्युरेम्बर्गचं ख्रिसमस मार्केट' (न्युरेम्बर्ग म्हणजे जर्मनीतलं शहर). आम्ही कोचमधून उतरून हाउप्टमार्क्ट चौकात गेलो तर लालपांढऱ्या पट्ट्यांची छपरं दिसत होती पण खाली प्रत्येक स्टॉल बंद, चौकात चिटपाखरू नाही. ते मार्केट २४ ला दुपारीच संपतं! माझा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा, तो एकेका स्टॉलच्या फळीला डोळा लावून फटीतून आत बघत होता, आणि मला त्याला काय सांगावं सुचेना. टूर मॅनेजरकडेही तोच छापील कागद होता. ज्यानं तो कागद बनवला त्यानं एकदा तारीख बघितली असती तर पुरलं असतं, याचा राग मला अजून येतो.

तिकडे २४ च्या दुपारपासून सगळं आवरायला लागतं. जर्मनी, ऑस्ट्रियात दुकानं बंद होतात, २५ आणि २६ सार्वजनिक सुट्टी. लंडनमध्ये २५ ला ट्यूब (तिथली भुयारी रेल्वे) नाही, बस नाही. पॅरिसचं लूव्र म्युझियम २५ ला बंद, व्हॅटिकन म्युझियम २५ आणि २६ दोन्ही दिवस बंद. रात्री जेवायला जागा मिळणंसुद्धा कठीण, कारण लोक आपापल्या घरी असतात. अशा वेळी महिनोन् महिने आधी टेबलं बुक करून ठेवलेला आणि काय उघडं असतं हे पाठ असलेला माणूस सोबत असणं हीच टूरची खरी किंमत आहे. व्हिएन्नाचा शॉनब्रुन राजवाडा वर्षाचे ३६५ दिवस उघडा असतो, तिथल्या टाउन हॉलसमोरचं मार्केट २६ पर्यंत चालतं, म्हणजे जाणकार माणूस २५ ला तुम्हाला व्हिएन्नात ठेवेल.

दुसरं, रोजचे किलोमीटर विचारा. डिसेंबरच्या शेवटी व्हिएन्नात चारच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि युरोपात कोच ड्रायव्हरला साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटं थांबावंच लागतं, तो कायदा आहे आणि चांगला कायदा आहे. त्यामुळे दिवसाला पाचशे किलोमीटर असतील तर उजेड सगळा कोचमध्येच संपतो आणि गाव अंधारात बघावं लागतं. एका हॉटेलात निदान दोन-तीन रात्री असतील अशीच टूर घ्या, वयस्कर माणसं असतील तर नक्कीच.

दुसऱ्या टूरला आई सोबत होती, वय ७२. त्या टूर मॅनेजर ताईंनी २४ ला आम्हाला ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गजवळच्या ओबर्नडॉर्फला नेलं. 'सायलेंट नाइट' हे गाणं पहिल्यांदा गायलं गेलं ते याच गावात, १८१८ च्या ख्रिसमसच्या आदल्या रात्री, शब्द योझेफ मोर या पाद्र्यांचे, चाल फ्रान्झ ग्रुबर या शिक्षकांची, आणि साथीला फक्त गिटार. मूळ चर्च पुरांमुळे खराब झालं म्हणून पाडलं, आता तिथे एक इवलंसं चॅपल आहे. संध्याकाळच्या प्रार्थनेला फार गर्दी होते म्हणून ताईंनी दुपारीच नेलं, आणि एकदम सगळ्यांना न कोंबता दहा-दहा जणांना आत सोडलं. पायऱ्यांवर बर्फ घट्ट झाला होता, तर त्या खालच्या पायरीवर उभ्या राहून एकेकाला हात देत होत्या. आईला आत बाकावर बसवलं आणि म्हणाल्या, काकू, तुमचं झालं की सांगा, घाई नाही. आई हातमोजे काढून मांडीवर ठेवून कितीतरी वेळ नुसती बसून होती. त्या दिवशी आम्ही एवढं एकच ठिकाण बघितलं, कोच चारच्या आत हॉटेलला पोचला.