तुम्ही विचारलंत म्हणून: गोष्टीतली जागा

‘‘कथेत ठिकाणाचं वर्णन किती करायचं?’’ लिहायला लागलेले बरेच जण हे विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. किती, हे नंतर बघू. ती जागा बघतंय कोण, हे आधी ठरवा.

समजा, बरीच वर्षं बंद असलेलं एक घर आहे. ते विकायला निघालेला दलाल दारातूनच भिंतीवरची ओल हेरेल, खोल्या मोजेल, खिडकी उघडून उजेड किती येतो ते पाहील. त्याच घरात वाढलेली मुलगी आली, तर ओलीकडे तिचं लक्षही जाणार नाही. अंधारात तिचा हात सवयीनं बटणाकडे जाईल आणि तिथे बटणच नसेल. मधे कुणीतरी वायरिंग बदललंय. एवढ्यात घरही आलं आणि ती किती दिवसांनी आलीय तेही. ‘जुनं, उदास घर’ म्हणून यातलं काही साधत नाही.

जागेनं पात्रांच्या आड यायला हवं, हे माझं आवडतं मत. पलीकडे आजारी माणूस झोपलंय अशा खोलीत नवरा-बायकोचं भांडण घडवा. आवाज चढवता येत नाही, दार आपटता येत नाही. मग राग कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या हातांत उतरतो, वाक्यं आपोआप तुटक होतात. हाच प्रसंग जसाच्या तसा उचलून मैदानात नेता आला, तर खोली नुसती पडद्यासारखी मागे टांगलेली होती म्हणायची.

हवेचंही तसंच. थंड, शांत रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते. त्यामुळे वर निघालेला आवाज खाली वळतो आणि लांबची रेल्वे उशाशी आल्यासारखी वाटते. झोप न लागणाऱ्या पात्राला ही रेल्वे जरूर ऐकवा. भर दुपारच्या उन्हात मात्र तीच गाडी इतकी जवळ वाटणार नाही. (पानभर सूर्योदय लिहायची हौस असेल तर लिहा, पण त्या उजेडात कुणाला काय करायचंय?)

आणि घराचा नकाशा कागदावर काढा. काम कंटाळवाणं आहे, त्यातलं कथेत फारसं येतही नाही. पण बाहेरचं दार बैठकीच्या खोलीतूनच असेल, तर आतल्या खोलीत भांडून तावातावानं निघालेल्या माणसाला बसलेल्या पाहुण्यांसमोरून जावं लागतं. असे प्रसंग मला तरी नकाशा काढल्याशिवाय सुचत नाहीत.