सर, ह्याला सांगा की

सतरा वर्षं कोल्हापुरात फुटबॉलच्या मॅचेसना रेफरी म्हणून उभा राहतोय. शाहू स्टेडियमवर दोन पेठांची गाठ असली की दुपारपासूनच रस्ते दुचाक्यांनी भरतात, गेटवर पोलीस बंदोबस्त लागतो आणि गॅलरीत बसायला जागा उरत नाही. आमच्याकडं या चुरशीला ईर्षा म्हणतात. ईर्षेशिवाय इथला फुटबॉल मी पाहिलेला नाही आणि तसा बघायचाही नाही. पण त्या एका मॅचबद्दल बोलायचं तर ईर्षेच्या आडोशाला काय काय चालतं, ते बोलावंच लागेल.

रेफरीला खेळाडू नंबरानं लक्षात राहतात. त्या दिवशी एका संघाचा नऊ नंबर होता बावीस-तेवीस वर्षांचा स्ट्रायकर. पायात जादू, अंगानं किरकोळ, बोलायला एकदम शांत. त्याला मार्किंग करत होता समोरच्या संघाचा चार नंबर. दहा-बारा सीझन खेळलेला, पक्का मुरलेला डिफेंडर. पहिल्या हाफमध्ये चार नंबरनं एकही घाण टॅकल केला नाही. शर्टाला हात नाही, टाचेवर पाय नाही. तो फक्त बोलत होता. कॉर्नरला बोलायचा, थ्रो-इनला बोलायचा, बॉल दुसऱ्या टोकाला असला तरी नऊ नंबरच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटायचा.

आता रेफरीच्या कानाबद्दल सांगतो. मैदानावर शिव्या सतत पडत असतात. पास चुकला की स्वतःला, पाय घसरला की मैदानाला. त्या सगळ्यांवर कार्ड काढायला लागलो तर विसाव्या मिनिटाला दोन गोलकीपरच उरतील. म्हणून कान एक चाळणी तयार करतो. आयमाय काढली, जात काढली, रंग काढला की चाळणीत अडकतं. बाकीचं गळून जातं. नियमांच्या पुस्तकात बारावा नियम स्पष्ट आहे. अपमानकारक किंवा शिवीगाळीच्या भाषेला थेट लाल कार्ड. त्यासाठी अंगाला हात लावायची गरज नाही. हे कलम मला पाठ आहे, नव्या पंचांना मीच शिकवतो.

चार नंबर जे बोलत होता ते माझ्या चाळणीतून गळून गेलं. दोनदा मी अगदी पाच-सहा फुटांवर होतो, शब्द न् शब्द ऐकला. "काय रे, आज तुझा बा दिसंना गेटवर?" एवढंच. शिवी नाही, चढा आवाज नाही. आमच्या गावात एकमेकांच्या घरची विचारपूस मैदानावरही चालते, मला तसलंच काहीतरी वाटलं.

बावन्नाव्या मिनिटाला नऊ नंबर माझ्याकडं धावत आला. "सर, ह्याला सांगा की ओ." मी विचारलं नाही काय सांगू. बॉल थ्रो-इनला गेला होता, घड्याळ पळत होतं, गॅलरी ओरडत होती. मी हात हलवला आणि म्हणालो, "खेळ, खेळ."

सदुसष्टाव्या मिनिटाला बॉल आमच्यापासून तीस यार्डांवर होता. मागं गॅलरीचा आवाज एकदम बदलला तसा मी वळलो. चार नंबर नाक धरून गुडघ्यावर बसलेला, बोटांमधून रक्त येत होतं. नऊ नंबर समोर तसाच उभा. पळाला नाही, वाद घातला नाही. मी स्वतः ढुशी पाहिली नव्हती. त्या बाजूच्या लाइन्समननं पाहिली होती, त्यानं झेंडा उंच धरला होता. त्याच्याकडं जाऊन विचारलं, त्यानं एका वाक्यात सांगितलं, मी परत आलो आणि लाल कार्ड काढलं. नऊ नंबरनं कार्डाकडं पाहिलंच नाही. तो गेटाकडं बघत होता. मग शर्टानं तोंड पुसत बाहेर गेला. खेळ सुरू झाला तो चार नंबरच्या संघाच्या डायरेक्ट फ्री किकनं. नियम तसाच आहे आणि त्या क्षणी दुसरं काही करणं माझ्या हातात नव्हतं.

मॅच संपल्यावर मी पंचांच्या खोलीत बूट सोडत होतो. नऊ नंबरच्या संघाचे एक वयस्कर कार्यकर्ते दारात आले. त्यांनी कार्डाबद्दल तक्रार केली नाही. एवढंच म्हणाले, "पोराचा बा आठ महिन्यांखाली गेला, सर. पोरगं खेळायला लागल्यापास्नं त्यो माणूस दरवेळी गेटच्या डाव्या अंगाला उभा असायचा. आत बसायचा नाही. पोरगं गोल मारलं की आधी तिकडं बघायचं."

बूट हातात तसाच राहिला.

बर्लिनची ती रात्र मला त्या खोलीत आठवली. ९ जुलै २००६, वर्ल्डकपची फायनल, फ्रान्स विरुद्ध इटली. आपल्याकडं मध्यरात्र उलटून गेली होती आणि आमच्या गल्लीत एकही घर झोपलेलं नव्हतं. फ्रान्सच्या कर्णधाराचा, झिनेदिन झिदानचा तो शेवटचा सामना. सातव्याच मिनिटाला त्यानं क्रॉसबारला लावून पेनल्टी आत टाकलेली, एकोणिसाव्या मिनिटाला इटलीचा डिफेंडर मार्को मातेराझ्झीनं हेडरनं बरोबरी केलेली. आणि एकशे दहाव्या मिनिटाला झिदान वळला आणि मातेराझ्झीच्या छातीत ढुशी घातली. रेफरी होते अर्जेंटिनाचे होरासियो एलिझोंडो. त्यांनी ती पाहिली नव्हती. चौथे पंच, स्पेनचे लुईस मेदिना कांतालेहो यांनी ती त्यांना कळवली. व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासायची सोय, नव्हती तेव्हा. एलिझोंडोंनी लाल कार्ड काढलं, झिदान वर्ल्डकपच्या करंडकाशेजारून चालत बोगद्यात गेला आणि इटली पेनल्टी शूटआउटमध्ये ५-३ ने जिंकली.

ही चित्रफीत मी नव्या पंचांना कितीदा दाखवली असेल. दरवेळी मुद्दा एकच सांगायचो की स्वतः पाहिलं नसेल तर सहकाऱ्याला विचारा, खात्री करा, मग चिथावणी कितीही असो, कार्ड काढा. ते बरोबरच आहे, आजही तेच सांगतो. पण त्या चित्रफितीतले आधीचे काही सेकंद मी नेहमी पुढं ढकलायचो. मातेराझ्झी शर्ट धरतो, दोघं बोलतात, झिदान हसून पुढं जातो, पाठीमागून अजून काहीतरी येतं आणि तो परत वळतो. मातेराझ्झीनं पुढं स्वतः सांगितलं की झिदान म्हणाला, शर्ट हवा असेल तर मॅचनंतर देतो, त्यावर त्यानं झिदानच्या बहिणीवरून उत्तर दिलं. मधल्या काळात ब्रिटनमधल्या काही वर्तमानपत्रांनी ओठ वाचणारे बसवून भलतंच छापलं आणि नंतर त्यांना मातेराझ्झीला भरपाई द्यावी लागली. फिफानं झिदानला तीन सामने आणि ७,५०० स्विस फ्रँक, मातेराझ्झीला दोन सामने आणि ५,००० फ्रँक असा दंड केला. म्हणजे बोलणाऱ्यालाही शिक्षा झाली, पण नंतर, कागदावर. मैदानात त्याला कार्ड दिसलं नाही. उलट शूटआउटमध्ये त्यानं आपली पेनल्टी मारली आणि करंडक उचलला.

एलिझोंडोंना मी दोष देत नाही. त्यांच्या कानावर काही आलंच नव्हतं. माझ्या आलं होतं. शिवाय ज्याला लागत होतं तो स्वतः माझ्यापर्यंत चालत आला होता. पंच म्हणून माझ्या हातात बरंच काही होतं. खेळ थांबवून दोघांना बोलावता आलं असतं. दोन्ही कर्णधारांसमोर चार नंबरला तंबी देता आली असती. पिवळं कार्ड काढता आलं असतं. निदान "काय बोलतोय तो?" एवढं तरी विचारता आलं असतं.

त्या रात्री अहवाल लिहायला बसलो. पहिला परिच्छेद नेहमीचा: मिनिट, नंबर, कृती, कार्ड. मग दुसरा लिहिला. चार नंबर काय बोलला, किती वेळा, मी किती अंतरावर होतो. बावन्नाव्या मिनिटाला नऊ नंबरनं तक्रार केली आणि पंचानं ती ऐकून घेतली नाही, हेही लिहिलं. बायकोनं वाचून विचारलं, "स्वतःचं नाव कशाला घालतोस त्यात?" मी म्हटलं, घातलं नाही तर अहवाल खोटा होतो. नऊ नंबरला बंदी आली, ती यायलाच हवी होती, माणसाचं नाक फुटलं होतं. चार नंबरला लेखी समज मिळाली. ती मला कमी वाटली, अजूनही वाटते.

चार नंबरशी मी एकदा बोललो, सीझन संपल्यावर, चहाच्या गाडीवर. तो खाली मान घालून म्हणाला, "मॅचमध्ये जिंकायला बोलतोय सर, बाहेर आम्ही एकाच चौकातली. त्येच्या बाच्या मयताला मी खांदा दिलाय." मला काही बोलता आलं नाही. खांदा दिला होता म्हणूनच कुठं लागतं ते त्याला नेमकं माहीत होतं. बाहेरच्या गावचा डिफेंडर असता तर आईबहिणीवरून शिवी घालून थांबला असता, आणि ती माझ्या चाळणीत अडकलीही असती.

आता टॉसच्या वेळी दोन्ही कर्णधारांना मी एक वाक्य जादा सांगतो, "घरचं कुणी काढायचं न्हाई. आणि पोरगं माझ्याकडं आलं तर मी खेळ थांबवणार." परवा एका तरुण कर्णधारानं विचारलं, "शिवी दिली तर कळतंय सर, पण साधं बोललं तर?"

मी म्हटलं, "साधं बोललेलंच मला येऊन सांग."