दोन मण आणि वर थोडं

जेवून उठल्याउठल्या वजन करू नये, हे मला ठाऊक आहे. पण कुरिअरवाला आलाच पावणेदोनला, आणि नवी वस्तू घरात आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दम धरणाऱ्यातला मी नाही. खोका फोडला, काच पुसली, उभा राहिलो. ७८.४. उतरलो, घड्याळ काढलं, चष्मा काढला, परत चढलो. ७८.४.

म्हणजे काटा चांगला निघाला. पहिल्या खेपेला अठ्ठ्याहत्तर आणि दुसऱ्या खेपेला सत्त्याहत्तर दाखवणारा काटा मनाला बरा वाटतो, पण कामाचा नसतो.

त्याआधी आठवडाभर मी मोबाइलवर काटेच बघत होतो. तेवढा वेळ चाललो असतो तर... असो. कुणी पन्नास ग्रॅमपर्यंत अचूक, कुणी फोनशी बोलणारा, कुणी अंगातली चरबी सांगणारा. तो चरबीवाला तळपायातून बारीकसा विद्युतप्रवाह सोडतो आणि अंदाज बांधतो. दोन तांबे पाणी प्यायलात की अंदाज हलला. अंदाजच हवा असेल तर आमची मावशी चपला काढतानाच सांगते, "सुटलायस रे चांगलाच!" तिला बॅटरी लागत नाही.

शेवटी आठशे रुपयांचा साधा घेतला. चार पायांत चार सेन्सर, वर काच. नाव बाथरूम स्केल, पण ज्याने हे नाव ठेवलं त्याने आपलं बाथरूम पाहिलेलं नसावं. आपली फरशी कायम ओली आणि वरून जाळीकडे उतरती. काट्याचा एक पाय अधांतरी राहिला की आकडा बिघडलाच. गादीवर, सतरंजीवर तर ठेवायची सोयच नाही. म्हणून आमचा बाथरूम स्केल पलंगाखाली राहतो आणि देव्हाऱ्यासमोरच्या सपाट फरशीवर येऊन वजन सांगतो. देवासमोर खोटं बोलणार नाही, ही बायकोची टिप्पणी.

लहानपणी वजन म्हणजे दादर स्टेशन. फलाटावरचं ते उंच लाल यंत्र, आत लुकलुकणारे रंगीत दिवे आणि गरगर फिरणारी चकती. चकती थांबल्याशिवाय नाणं टाकायचं नाही, हा बाबांचा दंडक. थांबेपर्यंत गाडी येईल की काय, ही धाकधूक. मग खडखड, आणि खालच्या खाचेत टपकन पुठ्ठ्याचं तिकीट. एका बाजूला नट नाहीतर नटी, दुसरीकडे वजन आणि भविष्य. नाणं एकच मिळायचं म्हणून मी आणि भाऊ दोघं एकदम चढायचो आणि आलेल्या आकड्याला दोनाने भागायचो. वजनाची वाटणी बिनतक्रार व्हायची. भविष्याला दोनाने भागता येत नाही, त्यामुळे मारामारी ठरलेली. एकदा त्या झटापटीत तिकीट रुळांत पडलं. त्यावर मोठ्या धनलाभाचा योग होता. भाऊ अजून मलाच दोष देतो.

तर काटा. एकच आकडा पुन्हापुन्हा सांगतो, हे झालं. पण तो खरा कशावरून? इथे मला एक युक्ती सुचली आणि तिचा मला आजही अभिमान आहे. घरात न उघडलेला गॅस सिलिंडर होता. रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच लिहिलेलं असतं: १५.९. आतला गॅस १४.२. बेरीज ३०.१. सिलिंडर काट्यावर ठेवला तर आकडा त्याच्याखाली झाकला जाणार, म्हणून सिलिंडरला मिठी मारून मीच काट्यावर चढलो. "आकडा वाच, आकडा वाच!" बायको हसू आवरेपर्यंत कमरेत कळ आली. १०८.५. वजा ७८.४. बरोब्बर ३०.१. वजन उतरवायच्या मोहिमेचा पहिला दिवस, आणि संध्याकाळी कमरेला बाम.

हा सगळा तमाशा आई दिवाणावरून बघत होती. "किती भरलास?" तिने विचारलं. मी सांगितलं. तिचे ओठ हलले. तिच्या वडिलांचं कऱ्हाडला किराणा दुकान होतं. १९५८ साली देशात किलो यायला लागला तेव्हा ती बारा वर्षांची. ऐंशी तोळ्यांचा शेर, चाळीस शेरांचा मण, हे तिच्या हाडात आहे. मण म्हणजे सदतीस किलो आणि वर थोडं. "दोन मण!" ती म्हणाली. "आणि वर थोडं. आमच्याकडे हमाल पाठीवर घ्यायचे एवढं."

मग म्हणाली, "मला बघू दे."

हात धरून चढवलं. तिने दाराची चौकट घट्ट धरली होती. "सोड आई, धरलंस की कमी दाखवतो." तिने एकेक बोट सोडलं. मी वाकून पाहिलं. ३८.२.

दोन वर्षांपूर्वी गुडघ्याच्या डॉक्टरांकडे सेहेचाळीस होतं. मला नक्की आठवतंय, कारण वजन कमी आहे ते बरं आहे, असं ते म्हणाले होते. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी आईला उतरवून परत चढवलं. ३८.२. काटा बिघडलाय म्हणावं, तर सिलिंडर अजून तिथेच उभा होता.

"किती?" आईने विचारलं.

सांगितलं. तिचे ओठ पुन्हा हलले.

"म्हणजे मणाच्या वर आहे की अजून," ती म्हणाली.